सोडून दिलेला मासा

कोंकणच्या बाजारांत मुशी पाहिलेल्या वाचकांस ती धरून पुन्हां समुद्रांत सोडण्याची कल्पना काहीशी विनोदीच वाटेल. परंतु अमेरिकेंतील फ्लॉरिडाच्या किनाऱ्यावर हा मोठाच छंद होऊन बसला आहे. गळाला लागलेला शार्क घटका दोन घटका झुंजवावयाचा, शेजारीं बसून छायाचित्र काढवावयाचें, आणि मग त्यास पाण्यांत लोटून द्यावयाचें. मासा दिसेनासा झाला कीं खेळणारा समाधानानें घरीं जातो. आपण जीव घेतला नाहीं, असें त्यास प्रामाणिकपणें वाटतें.

दिसेनासा झाला म्हणजे वांचला, हें मात्र येथें गृहीत धरलेलें असतें. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत फ्लॉरिडाजवळ धरलेल्या शार्कांस उपग्रहाकडे संकेत धाडणारीं यंत्रें बसवून सोडलें होतें. टायगर शार्क पुढील कांहीं आठवडे सर्व जगले. बुल शार्कांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश जगले. आणि हातोड्यासारख्या मस्तकाचे मोठे हॅमरहेड निम्म्याहून किंचित् अधिक, इतकेच.

इतका भेद कां? हॅमरहेड गळाशीं जिवाच्या आकांतानें झुंजतो. त्या श्रमानें शरीरांत लॅक्टिक आम्ल सांचून रक्ताचा समतोल बिघडतो. त्यांतून कल्ल्यांवरून पाणी वाहतें राहावें म्हणून त्यास सतत पोहावें लागतें. थकून थांबला कीं गुदमरला. वाळूवर ओढल्यास आणखीच अनर्थ, कारण फांसळ्यांचा भक्कम पिंजरा नसल्यामुळें त्याच्या देहाचा भार त्याच्याच आंतील अवयवांवर पडतो. गाभण मादी अशा ताणानें अकालीं पिलें टाकते, असें शार्कांच्या कित्येक जातींत आढळलें आहे. २००६ सालीं बोका ग्रांडे येथें धरलेली १२८० पौंडांची विक्रमी हॅमरहेड मादी सोडलेली नव्हती, मारलेलीच होती. पण तिच्या पोटांत ५५ पिलें निघालीं, यावरून एका गळाशीं किती जीव बांधलेले असतात तें कळतें.

या हौशी मंडळींची बाजू अगदींच पोकळ नाहीं. १९६२ पासून त्यांपैकीं अनेकांनीं शार्कांस खुणेच्या पट्ट्या लावून शास्त्रज्ञांस मोलाची माहिती पुरविली आहे. शिवाय मारण्यापेक्षां सोडणें बरें, हें कोण नाकारील? २०१२ पासून फ्लॉरिडाच्या हद्दींत हॅमरहेड ठेवून घेण्यास बंदी आहे. १ जुलै २०१९ पासून किनाऱ्यावरून शार्क धरणारास परवाना लागतो, जबड्याच्या कोपऱ्यांत रुतणारा वाटोळा गळ वापरावा लागतो, आणि निषिद्ध जातीचा मासा कल्ले पाण्याखालीं ठेवून विनाविलंब सोडावा लागतो.

नियम चांगले आहेत. परंतु ते सोडण्याच्या घटकेस लागू होतात, आणि हॅमरहेडचा घात तर त्यापूर्वींच्या झुंजींत झालेला असतो. कोळी पोटासाठीं मासा मारतो आणि तसें उघड म्हणतो. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघानें अतिसंकटग्रस्त ठरविलेल्या या जातीच्या मागें केवळ करमणुकीसाठीं लागणें आम्हांस समर्थनीय वाटत नाहीं. टायगर शार्कविषयीं आम्ही इतके कठोर होणार नाहीं. हॅमरहेड चुकून गळाला लागलाच, तर तें रुंद मस्तक ओळखतांच, मासा अजून दूर पाण्यांत असतांनाच, दोरी कापावी. छायाचित्रासाठीं त्यास कांठाशीं आणूं नये.