विघ्नहर्त्याच्या मिरवणुकीत रुग्णवाहिकेची वाट

अनंत चतुर्दशीला पुण्याचा लक्ष्मी रस्ता हा रस्ता उरत नाही. तो माणसांचा प्रवाह होतो. मानाच्या पाच गणपतींमागून इतर मंडळे निघतात आणि मिरवणूक २४ तासांहूनही लांबते. त्या गर्दीत दूर कोठे रुग्णवाहिकेचा दिवा चमकला, की ताशा थांबतो, दोर धरलेले कार्यकर्ते मागे सरतात आणि गाडीपुरती वाट उघडते. गजेंद्राच्या हाकेला धावणाऱ्या नारायणाची कथा ऐकत वाढलेल्या आपल्या घरांना या घाईचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही.

नवल आम्हांस वाटते ते दुसऱ्या दिवसाचे! हीच माणसे वाहनावर बसली, की सायरन ऐकूनही चाकाला चाक लावून उभी राहतात. हृदयक्रिया बंद पडली, तर प्राणवायूवाचून मेंदूस चार-सहा मिनिटांत इजा होऊ लागते. रुग्णाकडे निघालेल्या गाडीची त्यांतील दोन मिनिटे एका मोठ्या चौकातला तांबडा दिवा सहज खातो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अशी वाट अडविणाऱ्यास १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

यावर यंत्राचाही उपाय आहे. गाडीतील उपकरण उपग्रहांच्या साहाय्याने आपले ठिकाण सिग्नलच्या नियंत्रकास कळविते आणि तिच्या बाजूचा हिरवा दिवा लवकर लागतो किंवा लांबविला जातो. मात्र तो क्षणात पालटता येत नाही. आडव्या बाजूस पिवळा दाखवून, रस्ता ओलांडणाऱ्यांना पलीकडे पोहोचू द्यावे लागते. शिवाय पुढे वाहनांची लांब रांग असेल, तर गाडी चौकात येण्याच्या पुष्कळ आधी ती रांग सुटली पाहिजे. एरवी दिवा हिरवा आणि रुग्णवाहिका जागच्या जागी! अवयव प्रत्यारोपणाच्या वेळी पोलीस 'ग्रीन कॉरिडॉर' करतात, तो याच हिशेबाने; कारण काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या देहात बसवावे लागते.

विसर्जनाच्या दिवशी सिग्नलचा काही उपयोग नाही. तेथे मंडळांकडेच आमचे मागणे आहे. ढोलांच्या गजरात सायरन ऐकू येत नाही; दिवा दिसू शकतो, पण पथकाचे तोंड पुढे असते. म्हणून प्रत्येक पथकात मागे नजर ठेवणारा एक कार्यकर्ता नेमावा, त्याच्या हाती तांबडे निशाण द्यावे आणि ते उंचावताच वादन थांबविण्याचा सराव उत्सवापूर्वीच्या तालमींतच करून घ्यावा. मांडव घालताना गल्लीच्या तोंडाशी अग्निशमन दलाच्या बंबापुरती जागाही तेवढी सोडावी.