क्राकूवचे वार्तापत्र : उरल्यासुरल्याचे सूप

नायगावाहून फोन आला की वहिनीची चौकशी ठरलेली असते : "भावजी, एवढ्या थंडीत तिकडं नुसता पाव खाऊन राहायलेत म्हणं तुम्ही?" या काळजीमागची समजूत तिची एकटीची नाही. युरोपातला माणूस पाव, मांस आणि बटाटे यांवर जगतो आणि सूप म्हणजे हॉटेलात जेवणाआधी यायचा एक श्रीमंती उपचार, असे नांदेड-लातूरकडची चांगली शिकलेली मंडळीही धरून चालतात. पोलंडात राहणाऱ्या माणसाने तरी ही समजूत दुरुस्त केली पाहिजे, म्हणून हे पत्र.

येथे मुख्य जेवण दुपारी उशिरा होते आणि त्याचा आरंभ सुपाने होतो, मग घर प्राध्यापकाचे असो की ट्राम हाकणाऱ्याचे. मी ज्यांच्याकडे भाड्याने राहतो त्या वृद्ध बाई रविवारी कोंबडी आणि भाज्या मंद आचेवर कित्येक तास उकळून 'रोसुव' नावाचा स्वच्छ, सोनेरी रस करतात. त्यातून जे उरते त्यात सोमवारी टोमॅटो आणि भात घालून दुसरेच सूप सिद्ध होते, आणि हा रविवार-सोमवारचा क्रम त्यांच्या घरापुरता नसून घरोघरची वहिवाट आहे. पुढचे दिवस तळघरातील शिलकेवर अवलंबून असतात. जुन्या कारकुनाने दप्तर तपासावे तशा त्या सकाळी फळ्यांवरून नजर फिरवतात : बटाटे, बीट, सातू, वाळके वाटाणे, बरणीत आंबवलेला कोबी, दोऱ्यात ओवून सुकवलेली अळंबी. बाजारात गाजर, पार्स्लीचे मूळ, सेलरीचा कंद आणि लीक यांची एकत्र बांधलेली जुडीच सुपासाठी म्हणून विकायला असते. ती आणली की पाककृतीचे पुस्तक उघडण्याचे कारण उरत नाही.

या सवयीमागे केवळ चव नाही, टंचाईचा इतिहास आहे. 1981 ते 1989 या काळात येथे मांस शिधापत्रिकेवर मिळे. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावरची सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले त्या आमच्या वडीलधाऱ्यांना, मूठभर सातू आणि दोन बटाट्यांत चार माणसांची दुपार कशी निभावते हे समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

परंतु ज्या सुपाने मला खऱ्या अर्थाने थक्क केले ते झुरेक. बाई राय या धान्याचे पीठ कोमट पाण्यात कालवतात, त्यात ठेचलेला लसूण, तमालपत्र आणि पावाचा एक तुकडा टाकतात, बरणीच्या तोंडाला फडके बांधतात आणि ती चार-पाच दिवस उबेला ठेवून देतात. वर बारीक बुडबुडे धरतात, आंबट वास सुटतो. उपवासाच्या काळात हे आंबवण मांसाऐवजी अळंबीच्या रसात शिजवतात. बाहेर पारा शून्याच्या खाली आणि खिडकीच्या काचेवर हिमाची जाळी असता मी त्याचा पहिला घोट घेतला, आणि जिभेला जी ओळख पटली ती ज्वारीच्या आंबिलीची होती. इकडे राय आणि पाणी, आपल्याकडे ज्वारी आणि ताक; दोन्हीकडे काम करणारे जिवाणू दुग्धाम्ल निर्माण करणाऱ्या एकाच कुळातले आहेत. मात्र झुरेक येथे नामांकित उपाहारगृहांच्या दरपत्रकात मानाने छापलेले असते, आणि आंबील आपण पाहुण्यांपुढे ठेवायला संकोचतो.

येथे माझा संयम सुटतो. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, आपल्या येळवशीला, लातूर-धाराशिवकडची आणि आपल्या भागातली माणसे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते आणि तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे, वांगी, गाजरे, मेथी, जे शिवारात हाती लागेल ते एकत्र शिजवून, चिंचेचा कोळ आणि बेसन लावून भज्जी होते. थंडीत हाताशी असलेल्या जिनसांतून याहून थोर सूप मी पोलंडात खाल्लेले नाही, आणि हे मी बाईंनाही सांगितले आहे. मग ती वर्षातून एकदाच का? हुलग्याचे माडगे कुठे गेले? उकळत्या रश्शात शिजणारे, लसणाच्या वासाने घर भरून टाकणारे शेंगोळे "गरिबाचं खाणं" म्हणून मागे कुणी सारले? भाजलेली धान्ये-डाळी आणि मसाले दळून केलेला येसर डब्यात तयार असला की अवेळी आलेल्या सोयऱ्यालाही पाऊण तासात आमटी-भाकरी मिळे. ही बेगमी मोडून आपण पाकिटातली मक्याची भुकटी पाण्यात ढवळू लागलो. गेल्या हिवाळ्यात गावाकडच्या एका लग्नात ती मला काचेच्या वाटीत मिळाली. शेजारच्या आजोबांनी एक घोट घेऊन वाटी खाली ठेवली आणि विचारले, "बाबा, ह्यात डाळ कुठाय?"

बाईंशीही माझे भांडण आहेच. मिरे, तमालपत्र आणि ऑलस्पाइस येथे त्यांची मसाल्याची सीमा संपते. एकदा त्यांच्या वाटाण्याच्या सुपावर मी तुपात जिरे-लसूण-मिरचीची फोडणी ओतली, तेव्हा त्यांनी दार उघडून धूर बाहेर घालवला, सूप निमूटपणे खाल्ले, आणि पुढच्या वेळी फोडणी "निम्मी" घालण्याची मुभा दिली. इतक्या कष्टाने रस आटवणाऱ्या माणसांनी शेवटच्या क्षणी जिऱ्याला नकार द्यावा, याचे दुःख मला दर दुपारी होते.

नायगावकरांना विनंती एवढीच की, हुलगे बाजारातून अजून हद्दपार झालेले नाहीत. थंडी सरण्यापूर्वी पायलीभर दळून आणावेत, आणि पुण्या-मुंबईहून पाहुणा आला तर त्याच्यापुढे पाकिटातले सूप न ठेवता शेंगोळ्यांची वाफाळती ताटली ठेवावी.