स्टेपनीत हवा आहे का?

कतारमध्ये दोह्याच्या इंडस्ट्रियल एरियाजवळ बरवा अल बराहा ही कामगारांची मोठी वसाहत आहे. ट्रक आणि बस उभ्या करायलाही इथे भरपूर जागा आहे. इंडस्ट्रियल एरियाच्या कडेने सलवा रोड जातो. तो पुढे वाळवंटातून थेट सौदी सीमेवरच्या अबू सामऱ्याला पोहोचतो. उन्हाळ्यात इथे पारा कधी कधी 45 अंशांच्या वर चढतो. अशा रस्त्यावर टायर पंक्चर झाला आणि डिकीतल्या स्टेपनीतही हवा नसली, तर? आसपास ना सावली, ना दुकान. सोबत लहान मुलं किंवा आजी-आजोबा असले, तर फारच कठीण.

स्टेपनी म्हणजे गाडीतलं जादा चाक. हा शब्द आला वेल्समधून! 1904 च्या सुमारास तिथल्या लॅनेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, डेव्हिस बंधूंनी असं चाक बनवलं. त्याआधी मोटारीत जादा चाक ठेवायची पद्धतच नव्हती. आपल्याकडे गॅरेजवाला अजूनही म्हणतो, "साहेब, स्टेपनी काढा."

चाक नुसतं पडून असलं तरी त्यातली हवा हळूहळू कमी होते. महिन्याला साधारण 1 ते 2 पीएसआय. म्हणून महिन्यातून एकदा हवा तपासायची, तीही सकाळी, टायर थंड असताना. किती हवा हवी, तो आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराजवळ लिहिलेला असतो. काही गाड्यांत बारीक, तात्पुरती स्टेपनी असते. तिला बहुधा 60 पीएसआय हवा लागते आणि तिच्यावर ताशी 80 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने जायचं नाही.

टायरचं वयही बघा. त्याच्या बाजूवर चार अंक असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. टायर न वापरताही रबर कडक होतं, उन्हाने आणखी लवकर. नवा कोरा दिसणारा टायरसुद्धा म्हातारा असू शकतो! दहा वर्षांनंतर तो बदलाच, असं अनेक कंपन्या सांगतात.

हे सगळं गाडी धुवायच्या दिवशी सहज होतं. धुताना कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका. वाळूचे कण रंगावर ओरखडे पाडतात. आधी भरपूर पाणी मारा, मग साबण लावा, आणि गाडी सावलीत घ्या. टायर पेट्रोलने किंवा डिझेलने पुसू नका. रबर खराब होतं. चकाकीचा स्प्रे पेडलवर किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागावर तर अजिबात नको, घसरायला होतं. धुतल्यावर ब्रेक ओले असतात, म्हणून आधी हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक हलकेच दाबा.

गाडी धुवायला कोणी दादा येत असेल, तर त्याला दुपारी बोलावू नका. कतारमध्ये 1 जून ते 15 सप्टेंबर सकाळी 10 ते दुपारी 3.30 उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे.

आता घरी विचारा, "बाबा, आपल्या स्टेपनीत हवा कधी भरली होती?" आणि टायरवरचे चार अंक वहीत लिहून आणा.