बंगळुरूत शाळेसाठी घर बदलताना सात वर्षांचा हिशेब

पुणे वा मुंबईहून नोकरीनिमित्त बंगळुरूला जाणाऱ्या मराठी कुटुंबांत घराचा शोध बहुधा शाळेच्या नावापासून सुरू होतो. व्हाइटफील्ड, सर्जापूर रस्ता की जयनगर, यावर दीर्घकाळ खल चालतो. मुलाच्या उच्च शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्याहून निर्णायक बाब निराळीच आहे. ती म्हणजे मूल कर्नाटकातील शाळेत कितव्या इयत्तेत दाखल होते.

अमेरिकेत सरकारी शाळा सर्वसाधारणपणे घराच्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे तेथील मराठी कुटुंबेही आधी शाळेचा विभाग पाहतात आणि मग घर. बंगळुरूतील खासगी शाळांना अशी सीमारेषा नाही. शाळेजवळ राहण्याचा लाभ मुख्यतः वाहतुकीच्या कोंडीतून सुटका होण्यापुरता. अर्थात या शहरात तोही लहान नव्हे.

पत्त्याला कायदेशीर महत्त्व होते ते शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के जागांसाठी. १ एप्रिल २०१० रोजी अमलात आलेल्या या कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी परिसरातील दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना या जागा देणे बंधनकारक आहे. कर्नाटक सरकारने जानेवारी २०१९ मध्ये नियम बदलले आणि परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला या बंधनातून मोकळे केले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी हा बदल वैध ठरविला. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये केलेला असाच बदल मात्र मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. परिणामी, महाराष्ट्रातून बंगळुरूला येणाऱ्या मजूर वा वाहनचालकाच्या मुलाला गावी ज्या जागेची आशा धरता आली असती, ती येथे बहुतेक ठिकाणी उरलेली नाही.

मध्यमवर्गीय पालकांची गाठ पडते ती दुसऱ्या नियमाशी, आणि तीही अनेकदा उशिरा. कर्नाटकातील अभियांत्रिकी, वैद्यकीय आदी अभ्यासक्रमांच्या सरकारी कोट्यातील जागा कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत भरल्या जातात. त्यांसाठीच्या मुख्य अटीनुसार विद्यार्थ्याने पहिली ते बारावी या काळात किमान सात शैक्षणिक वर्षे कर्नाटकात शिकलेले असावे आणि दहावी वा बारावीपैकी एक परीक्षा याच राज्यातून उत्तीर्ण केलेली असावी. शाळा राज्य मंडळाची की केंद्रीय मंडळाची, हा मुद्दा येथे गौण आहे. ती मान्यताप्राप्त आणि कर्नाटकात असावी लागते.

हिशेब साधा आहे. सहावीच्या आरंभी आलेल्या मुलाची बारावीपर्यंत सात वर्षे भरतात. सातवीत आलेल्याची सहाच होतात. आठवीत आलेला विद्यार्थी पाच वर्षे येथे राहून, दहावी-बारावी येथेच उत्तीर्ण होऊनही या अटीत बसत नाही. त्याला खासगी महाविद्यालयांतील खुल्या जागांकडे वळावे लागते आणि तेथील शुल्क सरकारी कोट्याहून बरेच अधिक असते.

परतीची वाटही सर्वांसाठी मोकळी नसते. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशाच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणे सर्वसाधारणपणे आवश्यक असते. आई-वडिलांचे अधिवास प्रमाणपत्र तेवढ्यावर पुरत नाही. म्हणजे आठवीत बंगळुरूला आलेला, डॉक्टर होऊ इच्छिणारा विद्यार्थी दोन्ही राज्यांच्या कोट्यांबाहेर राहू शकतो. केवळ उत्तम शाळेच्या ओढीने आठवी-नववीत मुलाला हलविणे हा म्हणूनच सर्वांत महागडा निर्णय ठरण्याचा संभव आहे.

यास काही अपवाद आहेत. आई वा वडिलांपैकी एकाचे किमान सात वर्षांचे शिक्षण कर्नाटकात झाले असेल, तर मुलाची अकरावी व बारावी तेथे होणे पुरेसे ठरू शकते. बेळगाव वा निपाणीत शिकून पुण्यात स्थायिक झालेल्या पालकांना ही तरतूद उपयोगी पडते. सैनिक व केंद्र सरकारी कर्मचारी यांच्या मुलांसाठी स्वतंत्र नियम आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत मुख्य अडचण भाषेची असते. कर्नाटकाच्या २०१५ च्या कायद्याने शाळांत पहिली वा दुसरी भाषा म्हणून कन्नड शिकविणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. महाराष्ट्रानेही २०२० मध्ये सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. दर तीन-चार वर्षांनी बदली होणाऱ्या घरातील मुलाला त्यामुळे दोन्ही लिप्यांशी ओळख ठेवावी लागते. वयोमर्यादेच्या तारखाही दोन राज्यांत भिन्न असल्याने पहिलीच्या प्रवेशापूर्वी त्या तपासाव्या लागतात.

सात वर्षांचा पुरावा म्हणजे शाळेचा अध्ययन दाखला. बंगळुरूतच घर व शाळा बदलली असल्यास तो प्रत्येक शाळेकडून मिळवावा लागतो. बारावीच्या ऐन हंगामात जुन्या शाळेत खेटे घालण्यापेक्षा तो शाळा सोडतानाच घेऊन ठेवणे सोयीचे पडते.