पलीकडच्या केबिनमधला आवाज

‘डॉक्टर, शेजाऱ्यांच्या आवाजाने झोप लागत नाही, एखादी गोळी लिहून द्या.’ ही तक्रार माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतेच. लग्नसराईत आणि गणपतीत जरा जास्त. इतकी वर्षे मी ती खुर्चीत बसून ऐकत होतो. २०२३ च्या डिसेंबरात ती माझ्याच वाट्याला आली आणि तीही भर समुद्रात!

आपल्या भागातून आता बरीच मंडळी सहलीबरोबर सिंगापूरला जातात आणि तिथून जहाजाची सफर करतात. आम्हीही गेलो. सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत सिंगापूर, अशा चार रात्री. जहाज म्हणजे तरंगते गावच. जेवण उत्तम, हवा उत्तम. पहिल्या रात्री दहाला आम्ही दोघे अंथरुणावर पडलो आणि साडेदहाला पलीकडच्या केबिनमधला टीव्ही सुरू झाला. गोळीबार, मोटारींचे कर्कश ब्रेक, किंकाळ्या! बारा वाजले, एक वाजला, टीव्ही चालूच. सौ.ना रक्तदाबाचा त्रास आहे. त्या कूस बदलून बदलून थकल्या. शेवटी मी भिंतीवर तीनदा मूठ मारली. काही उपयोग नाही. मग रिसेप्शनला फोन केला. पाच मिनिटांत पलीकडे फोनची घंटा वाजताना आम्हाला ऐकू आली. नंतर कोणीतरी दार ठोठावले. टीव्ही मात्र तसाच. सव्वादोनला दार धाडकन आपटले, कोणीतरी आत आले आणि आवाज बंद झाला. पण तोवर मी इतका संतापलो होतो, की शांतता झाल्यावरही तीनपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी सौ.चा रक्तदाब मोजला. एरवी १३०/८० च्या आसपास असतो, तो १५८/९४ निघाला.

आवाजाने नेमके काय होते?

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. आपण झोपलो तरी कान आपले काम करीत असतात आणि मेंदू आलेला आवाज धोक्याचा आहे की नाही हे तपासत असतो. म्हणून तर गाढ झोपलेली आई पावसाच्या आवाजाने उठत नाही, पण बाळाच्या कुरकुरीने उठते. आवाज अचानक आला, सारखा बदलत राहिला किंवा त्यात माणसांचे बोलणे असले, की मेंदू सावध होतो. नाडी जलद चालते, रक्तदाब थोडा चढतो, शरीरात ताणाची संप्रेरके वाढतात. माणूस पूर्ण जागा झाला नाही तरी हे घडते आणि सकाळी त्याला त्यातले काही आठवतही नाही. फक्त अंग जड वाटते आणि चिडचिड होते. जहाजाच्या इंजिनाची घरघर रात्रभर चालू असते, पण ती एकसुरी असल्यामुळे बहुतेकांना तिची सवय होते. टीव्हीवरच्या गोळीबाराची होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सांगितले आहे, की झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलपेक्षा जास्त नसावा आणि मधूनच येणारा आवाज ४५ च्या वर जाऊ नये. आपल्या देशातही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबलची आहे. साधे बोलणे साठच्या आसपास असते, यावरून अंदाज करावा.

यात रागाची भर पडते, हे मी स्वतः अनुभवले. ‘हा माणूस मुद्दाम करतोय’ असे मनाने घेतले, की तोच आवाज दुप्पट वाटतो. मग आवाज थांबल्यावरही शरीर शांत व्हायला वेळ लागतो.

शेजारी कोण निघाले?

नाश्त्याच्या वेळी टूर मॅनेजरना केबिनचा नंबर सांगितला. ते म्हणाले, ‘अहो, ते आपल्याच ग्रुपमधले गुरुजी आणि त्यांचा नातू.’ गुरुजी म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त शिक्षक. पांढरा सदरा, समोर चहाचा कप. मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटले, ‘गुरुजी, रात्री टीव्ही जरा मोठा होता का हो?’

‘छान आहे हो,’ गुरुजी हसून म्हणाले, ‘पण साखर कमी घालतात.’

माझा राग तिथेच उतरला. मी पुन्हा बोललो तेव्हा लक्षात आले, की ते माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे पाहत होते. नातवाला बाजूला घेऊन विचारले. तो रात्री मित्रांबरोबर वर गाण्याच्या कार्यक्रमाला जायचा. आजोबा एकटे. सोबत म्हणून टीव्ही लावायचे आणि त्यातच त्यांना झोप लागायची. ‘डॉक्टरकाका, घरीही टीव्ही असाच असतो. आम्हाला आता सवय झालीये,’ असे तो म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात दुसराच विचार आला. या माणसाने माझी मूठ ऐकली नाही. उशाशी वाजणारा फोन ऐकला नाही. दारावरची थाप ऐकली नाही. जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना शिकवले होते, की सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा वाजला, की जीवरक्षक जाकिटे घेऊन ठरलेल्या जागी जमायचे. तो भोंगा रात्री एक वाजता वाजला असता तर? केबिनमध्ये हा इशारा झोपायच्या जागी किमान ७५ डेसिबल ऐकू यावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण तो धडधाकट कानांच्या हिशेबाने. मी रात्रभर माझ्या झोपेची काळजी करीत होतो आणि भिंतीपलीकडे खरी काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळीच होती.

आम्ही तिघे रिसेप्शनवर गेलो आणि आजोबांना कमी ऐकू येते हे त्यांच्या नोंदीत घालायला सांगितले. अनेक मोठ्या जहाजांवर अशा प्रवाशांसाठी दिवा लुकलुकणारे आणि उशीखाली थरथरणारे यंत्र मिळते. आमच्या जहाजावरही मिळाले. टीव्हीवर खाली अक्षरे येतील अशी सोय नातवाने लावून दिली, आवाज कमी केला आणि रात्री अकराला परत यायचे कबूल केले. उरलेल्या तीन रात्री आम्ही शांत झोपलो. शेवटच्या सकाळी सौ.चा रक्तदाब १३६/८४ होता. मधल्या काळात मी तिची गोळी वाढवली नव्हती. वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे. एका वाईट रात्रीनंतरच्या एका मोजणीवरून स्वतःच्या मनाने गोळी वाढवू नये. दोन-तीन दिवस शांतपणे, पाच मिनिटे बसून मोजावे आणि आकडे डॉक्टरांना दाखवावेत.

जहाजावर जाणार असाल तर

केबिन ठरवताना जहाजाचा नकाशा मागून घ्या. वर आणि खाली दोन्ही मजल्यांवर केबिनच असतील अशी जागा चांगली. वर पोहण्याचा तलाव किंवा जेवणाचे दालन असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा नाचाची जागा असेल तर ढोलाचा ठेका मध्यरात्रीपर्यंत जाणवतो, कारण जाड, खर्जातला आवाज भिंतीतून सहज पार होतो. अगदी पुढच्या टोकाला नांगराचा आवाज असतो आणि मागच्या टोकाला इंजिनाची थरथर. लिफ्टच्या शेजारची जागा टाळा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन केबिनच्या मध्ये आतून दार आहे का, हे विचारा. एकत्र कुटुंबांसाठी ते सोयीचे असते, पण आवाज त्याच्या फटींतून येतो. आमच्याही केबिनला असे दार होते. मी दोन दिवस त्याला कपाट समजत होतो!

आवाज सुरू झालाच तर आधी दहा-पंधरा मिनिटे थांबा. पुष्कळदा लोक सामान लावत असतात आणि मग आपोआप शांत होतात. न थांबल्यास रात्रीच्या वेळी स्वतः जाऊन दार ठोठावू नका. आपण रागात असतो आणि समोरचा कदाचित प्यायलेला असतो. केबिनमधूनच रिसेप्शनला फोन करा, नंबर आणि वेळ सांगा. सकाळी भेट झाली तर सौम्यपणे बोला. ‘तुमचा त्रास होतो’ म्हणण्यापेक्षा ‘आमच्याकडे सगळे ऐकू येते हो’ असे म्हटले, तर बहुतेक माणसे ओशाळून स्वतःच काळजी घेतात. तरीही फरक पडला नाही तर केबिन बदलून मागा. जहाज भरलेले असल्यास मिळेलच असे नाही, पण मागायला हरकत नाही. एक अपवाद मात्र आहे. पलीकडून मारझोडीचा, पडल्याचा किंवा मदतीच्या हाकेचा आवाज आला, तर पंधरा मिनिटे थांबायचे नाही, त्याच क्षणी फोन करायचा.

कानात घालायचे फोमचे बोळे औषधांच्या दुकानात मिळतात. ते नुसते कानावर टेकवून उपयोग नाही. हात धुऊन बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवावा. नीट बसला तर मोठा आवाज बराच बोथट होतो. कापसाच्या बोळ्याने तेवढे काम होत नाही. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल तर काहीही घालू नये. केबिनमध्ये दोघे असाल तर एकाने कान मोकळे ठेवावेत, म्हणजे इशारा चुकणार नाही.

आणि झोपेची गोळी? माझ्या मते जहाजावर तर नकोच, विशेषतः साठीच्या पुढे. जमीन हलती, खोली अनोळखी आणि रात्री लघवीला उठावे लागते. पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका खरा आहे. बोट लागू नये म्हणून घेतलेल्या अनेक गोळ्यांनीही गुंगी येते. त्यात झोपेची गोळी आणि वर मद्य, हे मिश्रण फार घातक.

मोठा टीव्ही, बारीक कान

गुरुजींचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. वयोमानाने ऐकू कमी येते तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी अक्षरे धूसर होतात. म्हणून अशी माणसे म्हणतात, ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत.’ पुरुषांचे बोलणे समजते, पण सुनेचे आणि नातवंडांचे समजत नाही. मग घरात गैरसमज होतात आणि टीव्ही वाढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीच्या पुढच्या चौघांपैकी एकाहून अधिक माणसांना अडचण होण्याइतके कमी ऐकू येते. दुर्लक्ष केले तर माणूस चारचौघांत बोलेनासा होतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०१७ पासूनच्या आपल्या अहवालांत उतारवयातील स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी कारणे दिली आहेत, त्यांत उपचार न केलेला बहिरेपणा आहे.

गुरुजी आधी तयार नव्हते. ‘मला चांगलं ऐकू येतं, लोकच हळू बोलतात,’ हे त्यांचे म्हणणे. गावी आल्यावर नातवाने त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले. दोन्ही कानांत मळ घट्ट बसला होता. तो काढल्यावर थोडा फरक पडला. बाकीचे नुकसान वयाचे होते. ऐकण्याची रीतसर तपासणी करून यंत्र दिले. पहिले पंधरा दिवस त्यांनी भांड्यांचा आवाज फार येतो म्हणून कुरकुर केली. मेंदूला नव्या आवाजांची सवय व्हायला काही आठवडे लागतात आणि नेमके याच काळात बरेच लोक यंत्र कपाटात टाकून देतात. गुरुजींनी टाकले नाही. गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला, तेव्हा मी सवयीने ओरडून बोललो.

‘हळू बोला डॉक्टर,’ ते म्हणाले, ‘शेजारच्यांना त्रास होईल.’

तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी टीव्ही फार मोठा लावत असेल, हाक मारूनही वळून पाहत नसेल, ‘काय म्हणालास?’ असे सारखे विचारत असेल, तर त्यांच्यावर रागावण्याआधी त्यांचे कान तपासून घ्या. मळच निघाला तर काम पाच-दहा मिनिटांचे आहे.