धावली एक, मिरवली दुसरी

आमच्या धाकट्याला गाड्यांचं भारी वेड. परवा मी मेथी निवडत बसले होते, तर एक जाडजूड पुस्तक घेऊन आला. म्हणाला, "आई, यातली आगगाडीशी शर्यत लावणारी गाडी कुठली, ओळख." एका फोटोत उतरत्या छपराची, छोट्या खिडक्यांची, नव्या नवरीसारखी नटलेली गाडी. दुसऱ्यात सरळ छपराची, चौकोनी, डबा ठेवल्यासारखी. मी अर्थातच पहिलीवर बोट ठेवलं. तो हसला. "सगळं जगही कितीतरी वर्षं हेच समजत होतं!"

मैत्रिणींनो, गोष्ट १९३० सालची. वुल्फ बार्नाटो हे इंग्लंडातलं बडं प्रस्थ. आजोबांच्या नव्हे, वडिलांच्या हिऱ्यांच्या खाणींचा पैसा, बेंटली मोटार कंपनीचे अध्यक्ष आणि स्वतः शर्यतीतले पट्टीचे ड्रायव्हर. तेव्हा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून कॅलेला जाणारी 'ब्लू ट्रेन' ही श्रीमंतांची लाडकी गाडी होती. तिला मोटारीने हरवलं अशा जाहिराती लोक करत. बार्नाटो म्हणाले, "त्यात काय मोठंसं? ती कॅलेला पोचायच्या आत मी लंडनच्या माझ्या क्लबात असेन." लागली पैज शंभर पौंडांची!

१३ मार्चला संध्याकाळी कान शहरातून आगगाडी सुटली आणि हेही निघाले. सोबत आलटून पालटून गाडी चालवायला एक मित्र. वाटेत मुसळधार पाऊस, रात्री पेट्रोल मिळेना, पॅरिसजवळ धुकं आणि वर चाक पंक्चर. तरी सकाळी साडेदहाच्या सुमाराला समुद्र गाठला, बोटीने खाडी ओलांडली आणि दुपारी क्लबात हजर. आगगाडी कॅलेला पोचायला अजून चार मिनिटं होती!

आता गंमत पुढे. त्या काळी अशा महागड्या गाड्या आजच्यासारख्या तयार मिळत नसत. कंपनी फक्त सांगाडा आणि इंजिन द्यायची. वरचा साज गिऱ्हाइकाने वेगळ्या कारागिराकडून करून घ्यायचा. आपण कापड घेऊन टेलरकडे टाकतो ना, तसंच. बार्नाटोंकडे 'स्पीड सिक्स' जातीच्या दोन बेंटली होत्या. एकीचा साज मुलिनर यांचा, साधा, चौकोनी. दुसरीचा गर्नी नटिंग यांचा, देखणा. त्यात मागे एकच माणूस बसेल अशी आडवी जागा. या देखण्या गाडीलाच 'ब्लू ट्रेन' हे नाव चिकटलं. टेरेन्स कुनिओ या नामवंत चित्रकाराने आगगाडीशी झुंजणारी म्हणून तिचंच चित्र काढलं. मग काय, पुस्तकांत ती, प्रदर्शनांत ती.

पण कागद खोटं बोलत नाहीत. नोंदी तपासल्या तेव्हा कळलं की देखणी गाडी बार्नाटोंच्या ताब्यात आली तीच मुळी मे महिन्यात. शर्यत तर मार्चमध्ये झाली होती! म्हणजे रात्रभर चिखलपाण्यातून धावली ती साधी, चौकोनी गाडी. अमेरिकेतले संग्राहक ब्रूस मॅकॉ यांनी आधी देखणी गाडी घेतली होती. खरं कळल्यावर त्यांनी दुसरीही मिळवली, तिची डागडुजी करून तिला तिचं रूप परत दिलं आणि दोघींना शेजारी शेजारी उभं केलं. देखणीला त्यांनी हाकललं नाही, हे मला फार आवडलं.

जाता जाता सांगते, या बार्नाटोंची मुलगी डायना तेव्हा बारा वर्षांची होती. पुढे महायुद्धात तिने कारखान्यातून विमानतळांवर दोनशे साठ स्पिटफायर विमानं पोचवली आणि १९६३ साली ध्वनीपेक्षा जास्त वेगाने विमान उडवणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली.

पोरगा पुस्तक घेऊन गेला, पण माझा हात मेथीवरच थबकला. कारण आमच्या घरातही असंच झालंय.

आमच्या बैठकीत सासऱ्यांचा दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला मोठा फोटो आहे. 'या दुकानावर चार लेकरं शिकली,' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला आम्ही सांगायचो. मागच्या वर्षी सासूबाई गेल्या. त्यांची ट्रंक आवरताना तळाशी एक वही सापडली. बारीक अक्षरात हिशोब. 'पोलकी ६, परकर ४, काजं-बटणं.' आणि शेजारी, 'सुमीची फी भरली.' पान उलटत गेले. दुकान दोन वर्षं बंदच होतं, हेही त्यातच कळलं. त्या दोन वर्षांत घर चाललं ते शिवणाच्या मशीनवर. सासूबाई कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत.

वन्संना फोन करून ते पान वाचून दाखवलं. सत्तरी गाठलेली बाई, पलीकडे हुंदके देऊन रडली. म्हणाली, "रात्री मशीनचा आवाज यायचा गं. मी चिडायचे, झोपमोड होते म्हणून."

आणि ते मशीन? घराला रंग दिला तेव्हा अडगळ नको म्हणून मीच भंगारवाल्याला देऊन टाकलं. दीडशे रुपये आले होते. मॅकॉसाहेबांना त्यांची गाडी मिळाली, मला मशीन आता कुठून मिळणार?

सासऱ्यांचा फोटो आहे तिथेच आहे. त्यांनीही कष्ट केलेच की. पण त्याच्याशेजारी वहीचं ते पान काचेत बसवून लावलंय. लोक विचारतात, "हे काय?" मग मी सांगते.

बायांनो, दिवाळीची साफसफाई आली की ट्रंकेतल्या वह्या रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि घरात कुणी वडीलधारी असेल, तर तिला आजच विचारा. उद्यावर ढकलू नका.