गाडी जहाजातून परदेशी न्यायची? पॉलिसी किनाऱ्यावरच थांबते

ग्वाल्हेर : पडाव चौकातून निघालेली एमपी-07 नंबरची गाडी जुन्या आग्रा-मुंबई रस्त्याने नाशिकला जावो, नाहीतर पुढे कोल्हापूर-बेळगावला, तिची पॉलिसी सगळीकडे चालते. राज्य बदललं म्हणून विमा बदलत नाही. पण दुबईतल्या मुलाकडे स्वतःची गाडी न्यायची किंवा निवृत्तीनंतर गाडीनेच परदेश फिरायचा, असा बेत असेल तर ही सवय महागात पडू शकते. देशाची हद्द आणि समुद्र, या दोन्ही ठिकाणी विम्याचा हिशोब नव्याने मांडावा लागतो.

देशाबाहेर पॉलिसी कुठवर?

मोटार पॉलिसीवर ‘भौगोलिक क्षेत्र : भारत’ असं छापलेलं असतं. जादा प्रीमियम भरून हे क्षेत्र सहा देशांपर्यंत वाढवता येतं : नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव. भारतीय मोटर टॅरिफमध्ये त्यासाठी पॅकेज पॉलिसीला 500 रुपये आणि फक्त थर्ड पार्टी पॉलिसीला 100 रुपये असा दर आहे. कंपनीचा आजचा आकडा विचारून घ्यावा. सोनौलीमार्गे नेपाळला जाणाऱ्यांना ही वाढ आणि तिकडचा भन्सार पुरतो.

दुबई, ओमान, युरोप या यादीत नाहीत. तिथे भारतीय मोटार पॉलिसीचा उपयोग नाही.

समुद्रात गाडी कोणाच्या भरवशावर?

खरी मेख इथे आहे. श्रीलंका आणि मालदीवसाठी पॉलिसी वाढवून मिळते, पण त्याच कलमात पुढे लिहिलेलं असतं की गाडी तिकडे नेताना हवाई किंवा सागरी प्रवासात झालेलं नुकसान धरलं जाणार नाही. म्हणजे बेटावर विमा आहे, बेटापर्यंतच्या पाण्यावर नाही. मूळ पॉलिसीतही रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट आणि विमान यांतून गाडी नेताना संरक्षण आहे. समुद्राचं नाव नाही.

त्यात भारतातून गाड्या नेणारी परदेशी फेरी सहज मिळत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेली आणि ऑगस्ट 2024 मध्ये पुन्हा चालू झालेली नागपट्टिनम-कांकेसंतुराई सेवा प्रवाशांसाठी आहे. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोत जशी गाडी थेट चढवतात, तशी सोय तिथे नाही. त्यामुळे गाडी कंटेनरमध्ये किंवा मालवाहू रो-रो जहाजावर जाते. विम्याच्या भाषेत ती तेव्हा ‘वाहन’ नसते, ‘माल’ असते. मालाला लागतो मरीन कार्गो विमा, आणि तो वेगळा काढावा लागतो.

जहाज कंपनी भरपाई देईलच, या भरवशावर राहू नये. तिची जबाबदारी कायद्याने मर्यादित असते. 25 मे 2025 रोजी कोचीजवळ ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज 640 कंटेनरसह बुडालं, ही गोष्ट फार जुनी नाही.

आणखी एक खर्च बहुतेकांना माहीत नसतो : जनरल ॲव्हरेज. जहाज वाचवण्यासाठी मुद्दाम काही माल टाकावा लागला किंवा खर्च करावा लागला, तर तो बोजा जहाजमालक आणि सगळे मालधनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. समजा जहाज आणि माल मिळून किंमत 100 कोटी आणि असा खर्च 10 कोटी. तर 10 लाखांच्या गाडीवर 1 लाखाचा वाटा येतो. गाडीला ओरखडा नसला तरी. पैसे किंवा हमी दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. मरीन विम्यात सहसा हा वाटा धरलेला असतो.

कार्ने म्हणजे विमा नव्हे

गाडी तात्पुरती नेताना अनेक देशांत ‘कार्ने’ लागतो. हा गाडीचा पासपोर्टच समजा : ‘गाडी परत नेईन, इथे विकणार नाही’ याची कस्टमला दिलेली हमी. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन तो देते. मुदत एक वर्ष, आणि त्यासाठी मोठी रक्कम तारण ठेवावी लागते. प्रत्येक देशात प्रवेशाचा आणि निर्गमनाचा असे दोन शिक्के हवेत. निर्गमनाचा शिक्का चुकला, गाडी चोरीला गेली किंवा जळाली आणि पुरावा देता आला नाही, तर तिथलं कस्टम आयात शुल्क मागतं आणि ते तारणातून वसूल होतं. गाडी गेली, वर शुल्कही भरा, असा प्रकार.

तिकडे उतरल्यावर

युरोपात 1949 पासून ‘ग्रीन कार्ड’ पद्धत आहे, 40हून अधिक देश तीत आहेत. भारत नाही. म्हणून तिथला सीमा-विमा आधी विकत घ्यावा लागतो, आणि तो साधारणपणे समोरच्याचं नुकसान भरण्यापुरताच असतो. स्वतःच्या गाडीची चोरी त्यात येत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबईहून जगप्रवासाला निघालेल्या एका मोटरसायकलस्वाराची गाडी ब्रिटनमधील नॉटिंगहॅममध्ये चोरीला गेली. कागदपत्रंही तिच्यासोबत गेली. तेव्हा कागदांच्या प्रती गाडीत न ठेवता वेगळ्या ठेवाव्यात.

दुबईला कायमची गाडी न्यायचा विचार असेल तर सोडून द्यावा. तिथे स्टिअरिंग डावीकडे असतं, उजवीकडची गाडी नोंदली जात नाही.

निघण्यापूर्वी, याच क्रमाने

- विमा कंपनीला लेखी विचारा : कोणता देश, किती दिवस, समुद्रप्रवास धरला आहे का?
- मरीन कार्गो विमा घराच्या दारापासून तिकडे ताबा मिळेपर्यंतचा घ्या, फक्त बंदर ते बंदर नको.
- उतरण्याच्या देशातला थर्ड पार्टी विमा आधी ठरवा. चोरीसाठी वेगळं संरक्षण मिळतं का पाहा.
- कार्ने आणि आरटीओचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. परवान्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते.
- गाडी जहाजावर देताना चारही बाजूंचे फोटो आणि सही-शिक्क्याची पावती घ्या.

यातलं मरीन विम्याचं उत्तर लेखी हातात येईपर्यंत जहाजाचं बुकिंग करू नये. ग्वाल्हेरहून बंदरापर्यंतचा रस्ता पॉलिसीत आहे; त्यापुढचा प्रवास त्या एका कागदावर आहे.